आवाज कुठून येतो? स्टोव्ह, बॉयलर आणि अनुमान

धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे उदाहरण ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. म्हणून आज धूर बाजूला ठेवू आणि आवाज घेऊ. निमित्तही तसंच झालं आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला राहतो. तिकडे बऱ्याच घरांमध्ये तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरून घर उबदार ठेवतं. हिवाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. ‘सर, बॉयलर सुरू होताना धप्प असा आवाज येतो, घर हादरतं. कधी तो पेटतच नाही, मग मी लाल बटण पुन्हा दाबतो.’ मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी तत्त्वज्ञान शिकवलं, बॉयलर नाही. पण ‘बटण पुन्हा दाबतो’ हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण तीच चूक मी लहानपणी नागपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात केली होती.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या आतल्या मंडळींनी पंपाचा स्टोव्ह कदाचित पाहिलाही नसेल. पितळी टाकी, तीन पाय, मधोमध बर्नर. हे यंत्र मूळचं स्वीडनचं, 1892 साली लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने तयार केलेलं. त्याची युक्ती अशी की रॉकेल, म्हणजे आपलं मातीचं तेल, द्रवरूपात जळतच नाही. आधी बर्नरच्या खालच्या वाटीत स्पिरिट पेटवायचं किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावायचा. बर्नर तापला की पंप मारायचा. टाकीतली हवा तेलाला वर ढकलते, तापलेल्या नळीत तेलाची वाफ होते, ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते, सोबत हवा ओढून घेते आणि निळी ज्योत लागते. तो भुर्रर्र आवाज म्हणजे या वाफेचा आणि हवेचा आवाज. स्टोव्ह नीट चालला आहे, याची ती खूणच.

घरातल्या बायकांना या आवाजाचे पोटभेद पाठ असत. आवाज बारीक झाला आणि ज्योत एका अंगाला झुकली तर भोकात काजळी अडकली आहे, पिन मारा. आवाज सगळीकडून सारखाच, पण हळूहळू मंदावतो आहे, तर हवा कमी झाली आहे, पंप मारा. तडतड होते आहे, तर तेलात पाणी आहे. पंपाचा दांडा काहीच जोर न लागता खाली जातो, तर चामड्याचं वायसर सुकलं आहे, त्याला तेलाचे दोन थेंब द्या. दांडा आपणहून वर येतो, तर तळाच्या झडपेतून हवा उलटी येते आहे. आणि बर्नरखालच्या सांध्यातून सूंऽऽ ऐकू आलं तर काही विचार करायचा नाही, किल्ली सैल करून हवा सोडायची आणि स्टोव्ह विझवायचा.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आई मागच्या अंगणात होती आणि चहा मी करणार होतो. काकडा अर्धवट जळला तोवर मी पंप सुरू केला. स्टोव्ह भक्, भक्, भक् करू लागला. मला वाटलं, दम कमी पडतोय. मी आणखी पंप मारला. बर्नर थंडच होता, त्यामुळे वाफेऐवजी तेलच बाहेर आलं आणि पिवळा जाळ माझ्या डोक्याच्या वर गेला. आई धावत आली. तिने आधी किल्ली सैल केली, जाळ बसला, मग मला विचारलं, ‘आवाज केव्हापासून होता? पेटवल्याबरोबर की मागून?’ रागावली नंतर.

आई फारशी शिकलेली नव्हती, पण तो प्रश्न न्यायशास्त्रातला आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अनुमानावर एक आक्षेप येतो. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार, मोर ओरडला म्हणून पावसाळी हवा आहे, असं आपण म्हणतो. आक्षेप घेणारा म्हणतो, नदी पुढे कुठे अडवली असेल तरी पाणी चढतं. वारूळ कुणी उकरलं तरी मुंग्या पळतात. आणि मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. मग अनुमानावर भरवसा कसा ठेवायचा? उत्तर मला फार आवडतं. पावसाचा पूर आणि अडवलेलं पाणी या एक वस्तू नव्हेतच. पावसाच्या पुराला ओढ असते, गढूळपणा असतो, तो फांद्या-पानं वाहून आणतो. खूण नीट न पाहता निष्कर्ष काढला, तर दोष अनुमान करणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे. माझं तेच झालं. ‘आवाज बिघडला’ एवढीच खूण मी धरली. मंदावणं आणि भकभकणं हे दोन वेगळे आवाज आहेत, हे कानावर पडूनही मी ऐकलं नाही.

त्यातलं तिसरं उदाहरण, मोराची नक्कल, जरा निराळं आहे. पहिल्या दोहोंत निसर्ग आपल्याला चकवतो, इथे माणूस मुद्दाम चकवतो. यावर थोडं थांबतो, कारण आपल्याच देशात स्टोव्हच्या बाबतीत हे घडलं आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतकी नेहमीची होती की लोक पान उलटत. स्टोव्हचे खरे अपघात होतच, आत्ताच एक सांगितला. म्हणूनच त्यांची नक्कल खपत होती. सासू, नवरा, दीर सगळे त्याच स्टोव्हवरचा चहा पितात आणि भडका मात्र नव्या सुनेवरच उडतो, हे कसं, असा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी विचारला. तो शुद्ध तर्काचा प्रश्न होता. खूण जवळून पाहा, एवढीच मागणी होती. टाकी फुटली आहे का? सांधा उसवला आहे का? रॉकेल पदरावर आहे की केसांत? 1983 मध्ये कायदा बदलला. दंडसंहितेत 498-क आलं आणि लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवचिकित्सा आवश्यक ठरली. 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ख आलं. हुंड्यासाठी छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर न्यायालय गृहीतकच उलटं धरू लागलं. आता स्टोव्हकडे बोट दाखवून भागत नव्हतं.

असो. बॉयलरकडे येऊ. मी विद्यार्थ्याला आईचाच प्रश्न विचारला. आवाज केव्हा? सुरू होताना, चालू असताना की बंद झाल्यावर? तेलाच्या बर्नरमध्येही तेल नुसतं जळत नाही. तिथे वाफेऐवजी फवारा असतो. पंप ते मोठ्या दाबाने नोझलमधून उडवतो आणि विजेची ठिणगी ते पेटवते. ठिणगीला उशीर झाला तर तोवर उडालेलं तेल भट्टीत साचतं आणि मग एकदम पेटतं. धप्प! ठिणगीच्या टोकांमधलं अंतर बिघडलं असेल, नोझल चोंदलं असेल, तेलात पाणी किंवा हवा असेल. चालू असताना घुमल्यासारखा आवाज आला तर हवा आणि तेलाचं प्रमाण किंवा धुराड्याची ओढ बघायची. बंद झाल्यावरही गुरगुर राहिली तर नोझलमधून तेल ठिबकत असण्याचा संभव. आणि नुसती टकटक असेल तर ती बहुधा तापून फुगणाऱ्या नळ्यांची. बर्नर बिचारा निर्दोष.

त्याचा आवाज सुरू होतानाचाच होता. मग लाल बटणाचं सांगितलं. बर्नर पेटला नाही की यंत्र स्वतःला बंद करून घेतं. बटण दाबलं की पुन्हा तेल उडतं. न पेटता तीन-चार वेळा दाबलं म्हणजे तेवढं तेल भट्टीत साठलं. हा माझाच पंप! त्याला म्हटलं, आधीच दाबून झालं आहे, आता हात लावू नकोस, वीज बंद कर, मिस्त्रीला बोलाव, आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र घरात चालू आहे का ते आत्ता बघ. तो विषारी वायू आवाजही करत नाही आणि त्याला वासही नसतो.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. नोझल चोंदलेलं निघालं, ठिणगीची टोकंही झिजलेली होती. त्याने दोन्ही बदलली आणि भट्टीत साचलेलं तेल काढून टाकलं. ते किती निघालं हे विद्यार्थ्याने मला दोन दिवसांनी सांगितलं, आणि पोरं त्याच खोलीच्या वर झोपतात हेही.