रूपकुंड : हाडं टिकली, थर मोडले

आज आपण एका इवल्याशा तलावाबद्दल बोलू. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ पर्वताच्या कुशीत, ५,००० मीटरहून थोडं अधिक उंचीवर रूपकुंड आहे. नाव मोठं, पण पाणी जेमतेम ४० मीटर रुंद. बरेच महिने तर पाणी दिसतच नाही, नुसता बर्फ.

हा खळगा हिमनदीने कोरलेला. हिमनदी खडक नुसता घासत नाही, भेगांत गोठून सैल झालेले दगड उपटूनही नेते. ती मागे हटली की परातीसारखा खोलगट भाग उरतो आणि वितळलेलं पाणी त्यात साठतं. तिन्ही बाजूंनी उतार, त्यामुळे वरून सुटलेली प्रत्येक गोष्ट शेवटी तळाशीच येते. हे लक्षात ठेवूया, पुढे लागणार आहे.

१९४२ मध्ये एका वनरक्षकाला इथे माणसांची हाडं दिसली. शेकडो माणसांची! एवढ्या थंडीत कुजण्याची क्रिया फार मंदावते, म्हणून काही हाडांवर मांससुद्धा टिकून होतं. मग तर्क सुरू झाले : सैनिक असतील, व्यापारी असतील, नंदादेवीच्या यात्रेकरूंवर मोठ्या गारा कोसळल्या असतील. सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवली होती, की मृत्यू एकाच वेळी झाले.

२०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही त्यात सहभाग होता. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे निघाले, आणि तेही एकाच दिवशी गेलेले नव्हते. त्यांचा काळ साधारण इसवी सन ८०० च्या आगेमागे. १४ जणांचं नातं थेट पूर्व भूमध्य प्रदेशाशी, म्हणजे ग्रीस-क्रीटच्या बाजूच्या लोकांशी, आणि त्यांचा काळ इ.स. १८०० च्या सुमाराचा! उरलेला एक आग्नेय आशियाई वंशाचा. भूमध्य प्रदेशातली माणसं एवढ्या उंचीवर कशाला आली, याचं उत्तर अजून नाही.

आता तुम्ही विचाराल, हाडं कोणत्या थरात सापडली ते पाहून काळ आधीच का नाही ठरवला? कारण इथे थरच उरलेले नाहीत. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, खडक फोडतं, दरड सुटते, तळ ढवळला जातो. हजार वर्षांचं अंतर असलेली हाडं शेजारी शेजारी येऊन पडतात. म्हणजे थंडीनेच हाडं राखली आणि थंडीनेच त्यांचा क्रम पुसला.

उरलेली गडबड माणसांनी केली. कुणी हाडं रचून फोटो काढले, कुणी चक्क आठवण म्हणून घरी नेली. आम्हाला हे दरडीपेक्षा वाईट वाटतं. दरड निदान हाड तिथल्या तिथे ठेवते.

वाटेवरची बेदिनी आणि आली ही बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, तितकीच नाजूक आहेत. पातळ माती, थोडे उबदार महिने. तंबूखाली दबलेलं गवत लवकर भरून येत नाही. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली. अनेक ट्रेकर नाराज झाले. आम्हाला मात्र तो निर्णय पटतो.