पाच तोंडांचा एकच माणूस

बॅटमनच्या १९९२ सालच्या कार्टून मालिकेत दोन भागांची एक गोष्ट आहे. तिच्यातला खलनायक क्लेफेस, म्हणजे अक्षरशः मातीच्या तोंडाचा माणूस. तो हवं ते रूप घेतो. पोलीस होतो, बाई होतो, हाताचा हातोडा करतो. गोष्टीच्या शेवटी बॅटमन त्याला एका स्टुडिओत गाठतो आणि भिंतीवरचे सगळे पडदे एकदम सुरू करतो. प्रत्येक पडद्यावर याचीच एकेक जुनी भूमिका. कारण हा माणूस मुळात नट आहे. पडद्यावर जे दिसेल ते त्याचं अंग आपोआप होऊ लागतं. एक चेहरा पुरता बसायच्या आत दुसरा वर येतो, दुसऱ्याला ढकलून तिसरा. बॅटमन त्याला हातही लावत नाही. नटाच्या स्वतःच्या भूमिकाच त्याला आतून ओरबाडून काढतात.

ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आणि डोक्यात पहिलं नाव आलं ते सांगलीचं.

क्लेफेस एक नव्हे, कितीतरी आहेत. १९४० सालचा पहिला, बेसिल कार्लो, हाही नटच. त्याच्याकडे जादू वगैरे काही नव्हती. आपल्या गाजलेल्या सिनेमाची नवी आवृत्ती दुसऱ्या नटांना घेऊन निघतेय म्हटल्यावर तो मुखवटा चढवून खून करत सुटला. खरोखर रूप पालटणारा क्लेफेस आला १९६१ साली. मॅट हेगन हा खजिन्याच्या शोधातला माणूस, आणि गुहेतल्या एका विचित्र द्रवात बुडी मारल्याने त्याला ही शक्ती मिळाली. ती काही काळाने उतरायची, मग पुन्हा बुडी. १९७८ साली तिसरा आला, त्याचा नुसता स्पर्श समोरच्याला वितळवायचा. १९९२च्या मालिकेने नाव हेगनचं घेतलं, पण धंदा कार्लोचा दिला. अपघातात चेहरा गेलेला आणि चेहऱ्यासाठी वाटेल ते करायला तयार झालेला नट. पुष्कळ चाहत्यांचा जीव या रूपावर आहे, आणि माझाही. कारण इथे मातीच्या आतला माणूस दिसतो. कापड कितीही भारी असलं तरी ते उलटं करून शिवण बघायची आपल्याला सवय असते. रूप पालटणाऱ्याचंही तसंच. त्याची शिवण कुठे आहे ते कळलं की तो आपला होतो.

आता सांगली. १८४३ सालच्या ५ नोव्हेंबरला सांगली संस्थानाच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला होता. असं काही मराठीत करा, ही आज्ञा त्यांचीच. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. एवढं शाळेत सगळेच शिकतात. ते नाटक दिसायचं कसं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

सूत्रधार पदं म्हणायचा. संवाद लिहिलेलेच नसायचे. पद संपलं की पात्राने प्रसंग ओळखून आपल्या मनाने बोलायचं. नटमंडळींचे कंपू असत, त्यातला एक राक्षसपार्टी. हे लोक भडक रंगवलेल्या तोंडांनी, तलवारी परजत, आरोळ्या ठोकत यायचे. त्यांची आरोळी होती ‘अलल्डुर्र’. ती लोकांच्या कानात इतकी बसली की पुढे त्या जातीच्या नाटकांनाच अलल्डुर्र नाटकं म्हणायला लागले. सुशिक्षितांनी हा शब्द हिणवायला वापरला. मला तो मानाचा वाटतो. विचार करा, अख्ख्या नाटकाला ना नायकाचं नाव मिळालं, ना देवाचं. मिळालं ते राक्षसाच्या आरोळीचं.

आणि संवाद लिहिलेले नाहीत, याचा अर्थ काय होतो? आजचा रावण उद्याच्या रावणासारखा बोलणार नाही. एका नटाने जो रावण उभा केला तो दुसऱ्याच्या तोंडी सापडायचा नाही. अमेरिकेत एकाच खलनायकाची निरनिराळी रूपं यायला वीस-वीस वर्षं लागली. इथे ती रात्रीगणिक जन्माला येत होती आणि उजाडता उजाडता विरून जात होती.

रामायणातला सगळ्यात नाजूक रूपपालट्या रावण नव्हे, मारीच. वाल्मीकींनी त्याला किती जपलंय पाहा. तो आधी रावणाला परोपरीने सांगतो की रामाच्या वाटेला जाऊ नकोस. रावण ऐकत नाही, तेव्हा मरायचंच तर रामाच्या हातून मरू, असं ठरवून तो निघतो. रत्नांसारख्या शिंगांचं, रुपेरी ठिपक्यांचं सोन्याचं हरीण होतो. लक्ष्मण बघताक्षणी ओळखतो, हा मारीच आहे म्हणतो, तरी पुढचं टळत नाही. बाण लागतो, आणि मरतामरता हरणाचं रूप गळून राक्षसाचं शरीर उघडं पडतं, पण आवाज मात्र निघतो रामाचा. एका क्षणात तीन जणांचा ऐवज. अंग राक्षसाचं, नुकतंच टाकलेलं कातडं हरणाचं, हाक रामाची. पडद्यांसमोरच्या त्या क्लेफेसची मला आठवण येते ती इथेच.

तेव्हा रूप पालटणाऱ्याची कथा ही खरी ओळखणाऱ्याची कथा असते. सातारा जिल्ह्यात औंधला जाल तर यमाईच्या नावाची गोष्ट ऐकायला मिळते. सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा बघायला पार्वती सीता बनून पुढे आली, म्हणतात. रामाने क्षणात ओळखलं आणि हाक मारली, ‘ये माई’. तीच यमाई. सोंग ओळखलं गेलं त्या हाकेवरून एका देवीचं नाव पडलं, याहून सुंदर नामकरण मला माहीत नाही.

देवीसमोरचा महिषासुर तर शिल्पकारांना आव्हानच. देवीमाहात्म्यात तो रेडा होतो, सिंह होतो, तलवार घेतलेला माणूस होतो, हत्ती होतो, पुन्हा रेडा होतो. दगडाला एकच रूप घेता येतं. बदामीत तो सबंध रेडा आहे, महाबलीपुरमला रेड्याचं डोकं असलेला गदाधारी योद्धा. पुढच्या काळात कारागिरांनी बहुतेक ठिकाणी एकच क्षण पसंत केला. रेड्याची मान तुटलेली आणि त्या मानेतून माणूस अर्धा बाहेर आलेला. म्हणजे दगडातसुद्धा शेवटी शिवणच कोरली गेली.

कधी कधी नट जागचा हलत नाही आणि खलनायकाचं रूप पालटतं ते प्रेक्षकाच्या डोक्यात. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, अशी तिकडे समजूत आहे. जवळच्या किल्ल्याचं नाव वैराटगड. विराटाचा सेनापती आणि मेहुणा कीचक, द्रौपदीवर हात टाकणारा. सांगलीत १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्याच्यावर ‘कीचकवध’ लिहिलं आणि १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. नाटकात सगळे महाभारतातलेच. पण बंगालच्या फाळणीला दोनच वर्षं झाली होती. लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल. सरकारलाही तेच दिसलं, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. सेनापतीचा व्हाइसरॉय झाला, तोही ना रंग ना मुखवटा. राक्षसपार्टीने कितीही आरोळ्या ठोकल्या असत्या तरी हे साधलं नसतं.

एवढं सगळं सांगितलं, पण रूप पालटणारा आमचा खरा लाडका खलनायक कोण? आमच्या भागात कुठल्याही जुन्या नाटकवेड्याला विचारा. उत्तर एकच, लखोबा लोखंडे.

आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीत झाला. माधव काझी नावाच्या ठकाचा खटला त्याआधी गाजला होता, त्यावरून सुचलेलं हे नाटक. कोर्ट भरलंय. आरोपी म्हणतो, मी लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, माझा यात काय संबंध? एकेक साक्षीदार उभा राहतो आणि त्याच्या साक्षीतून तोच माणूस नव्या नावाने पुढे येतो. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार, राधेश्याम महाराज. पाचही भूमिकांत प्रभाकर पणशीकर. आणि खाली फिरता रंगमंच. समोर कोर्ट चालू असताना पाठीमागे पुढचं घर मांडून तयार. पडदा पडत नाही, चकती फिरते. ती फिरते तेवढ्यात नटाने कपडे, चाल, आवाज आणि वय बदलून समोर हजर व्हायचं. क्लेफेसला गुहेतल्या त्या द्रवाची गरज होती. पणशीकरांना पुरायची ती विंगेतली अंधारी जागा आणि फिरत्या फळ्यांची मोजकी मिनिटं.

मुंबई-पुण्याकडच्या कोणाला कॅप्टनचा रुबाब आवडत असेल, कोणाला महाराजांचा गोडवा. आमच्याकडे मात्र निपाणीवालाच पहिला. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि निपाणी एकाच हमरस्त्यावरची गावं. तो कोर्टात तोंड उघडतो तेव्हा आमच्या बाजारातला, आमच्या एसटीतला माणूस बोलतोय असं वाटतं. बाकीची चार रूपं सोंगं आहेत हे आपण पहिल्या मिनिटाला ओळखतो. हे एक मात्र इतकं घरचं आहे की शिवण शोधताना हात थांबतो. माहीत असतं की हा लबाड आहे, बायकांची आयुष्यं नासवलेला आहे, तरी त्या बोलीपुढे क्षणभर आपणच साक्ष फिरवू की काय असं होतं. माझ्या मते त्या नाटकाचं सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात थोर काम हेच आहे. रत्नजडित हरीण दुरून मोहात पाडतं. शेजाऱ्याच्या आवाजात बोलणारा मोह दारात येऊन बसतो.

प्रभाकर पणशीकर २०११ साली गेले. उभी हयात रंगमंचावर ‘तो मी नव्हेच’ म्हणत उभ्या राहिलेल्या या माणसाने आपलं आत्मचरित्र लिहिलं, आणि त्याचं नाव ठेवलं ‘तोच मी’.