वावडं नेमकं कशाचं?

'वावडं' हा आपल्याकडचा जुना आणि बराच सैल शब्द आहे. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला पाहुण्यांचं, कुणाला कामाचं. 'अ‍ॅलर्जी' हा त्या मानाने नवा शब्द. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली घडवला. पण सव्वाशे वर्षांच्या आत तोही वावड्याइतकाच सैल झाला. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करताना हा सैलपणा मला रोज कागदावर छापलेला दिसतो. दोन-दोन पानी अहवाल असतात. डाव्या बाजूला पदार्थांची यादी, उजवीकडे आकडे आणि त्यापुढे अधिकची चिन्हं. घरी गेल्यावर ती यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटते आणि मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ नाहीसा होऊ लागतो.

असाच एक अहवाल एका माळकरी आजोबांचा होता. तक्रार साधी होती. पहाटे उठलं की शिंका, नाकातून पाणी, थंडीत धाप. अहवालात धुळीतल्या किडीपुढे मोठा आकडा होता, त्याचं नवल नव्हतं. पण त्याखाली कोळंबी आणि खेकडा यांच्यापुढेही अधिकची चिन्हं होती. आजोबा कासावीस होऊन म्हणाले, "मॅडम, माळ घालून चाळीस वर्षं झाली, आणि त्याआधीसुद्धा आमच्या घरात मासळी शिजली नाही. हे कुणा दुसऱ्याचं रक्त असणार." सून गालातल्या गालात हसत होती. रक्त त्यांचंच होतं, चाचणीही बरोबर होती. आणि आजोबाही खरंच बोलत होते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचं उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रेणूंच्या पातळीवर मिळालं आहे.

आधी चाचणी काय मोजते ते पाहू. १९२१ साली ब्रेस्लाऊ शहरात कार्ल प्राउस्नित्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्नित्झ यांच्या कातडीखाली टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच खाजरी गांधी उठली. म्हणजे वावडं रक्तातून दुसऱ्याला देता येतं. रक्तात काहीतरी आहे. ते 'काहीतरी' हाती लागायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर इथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वीडनमध्ये उप्साला इथे योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे ते ओळखलं. १९६८ साली त्याचं 'आयजीई' असं नाव ठरलं. हे प्रतिपिंड रक्तात अत्यल्प असतं, नेहमीच्या आयजीजी प्रतिपिंडाच्या साधारण लाखाव्या हिश्शाइतकं. पण ते त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. ओळखीचं प्रथिन समोर आलं, की पेशी हिस्टॅमिन आणि इतर रसायनं ओतते. आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणून आमसुलाचं पाणी चोळतो, तेव्हा त्यात पित्ताशयाचा काही हात नसतो. काम या पेशींचं असतं.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडणं याला संवेदन म्हणतात. तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होणं म्हणजे अ‍ॅलर्जी. या दोहोंत किती अंतर असतं? कर्नाटकातल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई होतं. लक्षणांशी जुळणारी, संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी होती फक्त १.२ टक्के लोकांत. अहवाल हातात घेऊन जेवण बदलणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

अंतर पडण्याचं एक मोठं कारण जुन्या चाचणीच्या बांधणीतच आहे. तिच्यात आख्ख्या पदार्थाचा अर्क वापरतात. शेंगदाण्याच्या अर्कात अनेक प्रथिनं असतात. रुग्णाचं आयजीई त्यातल्या एकाला चिकटलं काय आणि पाचांना चिकटलं काय, उत्तर एकच येतं: 'शेंगदाणा होकारार्थी'. वाड्यात एक भाडेकरू उपद्रवी असावा आणि तक्रार आख्ख्या वाड्यावर नोंदवली जावी, तसं हे.

भाडेकरू वेगवेगळे ओळखणं शक्य झालं ते जनुकतंत्रामुळे. १९८८-८९ साली धुळीतल्या किडीचं आणि बर्च झाडाच्या परागांचं मुख्य प्रथिन यांची जनुकं वेगळी काढली गेली. मग ती प्रथिनं जिवाणूंकडून शुद्ध रूपात बनवून घेता येऊ लागली. २००२ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी नव्वदहून अधिक अशी शुद्ध प्रथिनं काचेच्या एका पट्टीवर ठिपक्यांसारखी बसवली आणि रक्ताच्या काही थेंबांत सगळ्यांची तपासणी एकदम करून दाखवली. यालाच घटकनिहाय किंवा रेण्वीय निदान म्हणतात. प्रथिनांची नावं ठेवण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे: जीवाच्या शास्त्रीय नावातली पहिली तीन अक्षरं, मग जातीच्या नावाचं एक अक्षर, मग क्रमांक. धुळीतल्या किडीचं नाव डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस (यातला पहिला 'पी' लिहिण्यापुरता असतो), म्हणून तिची प्रथिनं 'डेर पी १', 'डेर पी २' वगैरे.

आता आजोबांकडे वळू. कोळंबीतलं मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. स्नायू आकुंचन पावतात त्या यंत्रणेतलं ते एक प्रथिन आहे. १९९३ साली ते कोळंबीचं मुख्य अ‍ॅलर्जीकारक म्हणून ओळखलं गेलं, त्या कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाचा वाटा होता, आणि अभ्यासाला घेतली होती आपल्याच किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी. कोळंबी, खेकडा, झुरळ आणि धुळीतली कीड हे सगळे संधिपाद प्राणी, एकाच कुळातले. त्यांचं ट्रोपोमायोसिन इतकं सारखं असतं, की एकाविरुद्ध तयार झालेलं आयजीई दुसऱ्यालाही चिकटतं. गादीत, उशीत, दमट हवेत ही कीड सुखाने वाढते आणि तिचे कण रात्रभर नाकात जातात. आजोबांचं शरीर गादीतल्या किडीवर चिडलं होतं. कोळंबी केवळ चेहरेपट्टीतल्या साम्यामुळे सापडली. घटकनिहाय चाचणीत चित्र तसंच दिसलं. 'डेर पी १' आणि 'डेर पी २' भरपूर, आणि किडीचं ट्रोपोमायोसिन, म्हणजे 'डेर पी १०', कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनच्या जोडीने. हाच प्रकार २००३ साली एका अभ्यासात फार नेमका दिसला होता. धार्मिक नियमांमुळे कवचधारी जलचर कधीही न खाणाऱ्या सनातनी ज्यूंच्या रक्तात कोळंबीविरुद्ध आयजीई सापडलं, आणि ते ट्रोपोमायोसिनलाच चिकटणारं होतं.

माळकऱ्याला या अहवालाने काहीच गमवावं लागत नाही. तोच अहवाल वेसावे किंवा मालवणच्या एखाद्या मुलीचा असेल तर? ती आठवड्यातून तीनदा कोळंबी खाते, तिला काही होत नाही, आणि शिंकांसाठी केलेल्या तपासणीत कोळंबी 'होकारार्थी' येते. माझं स्पष्ट मत आहे, आणि या क्षेत्रातल्या तज्ज्ञांचंही तेच आहे, की निमूट पचणारा पदार्थ केवळ कागदाकडे बघून बंद करू नये. उलट ज्याला कोळंबी खाल्ल्यावर खरोखर ओठ सुजतात, घसा आवळतो, त्याने हेही लक्षात ठेवावं, की ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही. उकळून, तळून, वाळवून त्याचा उपद्रव जात नाही. सोडे आणि जवळाही वर्ज्यच. मात्र पापलेट किंवा बांगडा सोडायची गरज बहुधा नसते. आपण सगळ्यालाच 'मासे' म्हणत असलो, तरी खऱ्या माशांतलं अ‍ॅलर्जीकारक पार्व्हाल्ब्युमिन हे निराळंच प्रथिन आहे.

शेंगदाण्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. मँचेस्टरमध्ये जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आठव्या वर्षी ज्यांची चाचणी शेंगदाण्याला होकारार्थी होती, त्यांतल्या सुमारे २२ टक्के मुलांनाच खरी अ‍ॅलर्जी निघाली. ही मुलं इतरांपासून वेगळी ओळखण्यात 'आरा एच २' हे प्रथिन सर्वांत उपयोगी ठरलं. ते बियांतलं साठवणीचं प्रथिन. भाजलं, जठरातल्या आम्लात बुडवलं तरी टिकतं, आणि अखंड आतड्यापर्यंत पोचतं, म्हणून धोकादायक. याउलट 'आरा एच ८' हे बर्चच्या परागातल्या प्रथिनाचं भावंड. ते उष्णतेने आणि पचनाने लगेच मोडतं, फार तर तोंडाला खाज सुटते. उत्तर युरोपात हे भावंडच अनेकांच्या होकारार्थी चाचणीमागे असतं. आपल्याकडे बर्च फक्त हिमालयात. त्याच्याच सालीची आपण भूर्जपत्रं केली. तेव्हा युरोपातला ठोकताळा सांगली-सोलापूरला जसाच्या तसा लावता येत नाही. पण प्रश्न इथेही तोच राहतो. ज्या घरात खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे दाण्याचा कूट पडतो, तिथे मुलाला शेंगदाणा बंद करणं म्हणजे निम्मा स्वयंपाक बदलणं. ते करायचं, तर कोणत्या प्रथिनासाठी हे आधी कळायला हवं.

खोट्या होकाराचं आणखी एक कारण म्हणजे वनस्पतींच्या प्रथिनांवर लटकलेल्या साखरेच्या साखळ्या. काहींच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध आयजीई असतं. मग काचनळीत गहू, डाळी, फळं, पराग सगळंच चमकतं आणि माणसाला मात्र सहसा काही होत नाही. यादीत वीस पदार्थ होकारार्थी आणि आकडे सगळे लहान असले, की माझा पहिला संशय या साखरेवर जातो.

दूध-अंड्याबद्दल थोडक्यात. अंड्यातलं ओव्होम्युकॉइड आणि दुधातलं केसीन ही प्रथिनं उष्णतेने फारशी बदलत नाहीत. त्यांच्याविरुद्ध आयजीई भरपूर असेल, तर केकमधलं अंडंही बाधण्याची शक्यता वाढते, आणि दूध कितीही उकळलं तरी उपयोग होत नाही. ते नसेल, तर पुष्कळ मुलं नीट भाजलेला केक पचवतात. हे मात्र घरी करून बघायचं नाही. रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

मला स्वतःला सर्वांत जास्त गुंतवणारा भाग आहे तो काळानुसार बदलणाऱ्या नक्षीचा. जर्मनीत १९९० साली जन्मलेल्या मुलांचं रक्त वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. २०१२ साली ते घटकनिहाय तपासल्यावर दिसलं, की गवताच्या परागांविरुद्धचं संवेदन बहुतेक मुलांत एकाच प्रथिनापासून सुरू होतं, 'फ्ल पी १' पासून, आणि तेही शिंका सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी. मग ते एकेका प्रथिनाकडे पसरत जातं. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसं. त्याच सुमारास मँचेस्टरच्या गटाने मुलांच्या नोंदी संगणकाला देऊन गट पाडायला सांगितले, तेव्हा 'अ‍ॅलर्जी आहे' आणि 'नाही' असे दोन कप्पे पडले नाहीत. वेगवेगळे पाच गट पडले, आणि दम्याशी ठळक नातं निघालं ते लहान वयात अनेक गोष्टींचं संवेदन झालेल्या गटाचं. एखाद्या मुलाच्या रक्तात एकच ठिपका उमटलेला असताना त्याला गाठता येईल का, पसरणं थांबवता येईल का, हा आज संशोधनापुढचा खरा प्रश्न आहे.

चिपच्या मर्यादाही आहेत. ती महाग आहे आणि तिची रचना मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या गरजेतून झाली आहे. आपल्या गाजरगवताचंच पाहा. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण शेतकऱ्यांच्या कातडीवर जो चिवट इसब उठवतं, त्यात आयजीईचा संबंध मुख्य नसतो. ती टी-पेशींची सावकाश होणारी प्रतिक्रिया आहे. तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून दोन-तीन दिवस थांबण्याची वेगळी चाचणी लागते. आयजीईचा कितीही महाग अहवाल त्या शेतकऱ्याच्या कामाचा नाही. त्याहून निरुपयोगी म्हणजे हल्ली दोनशे पदार्थांची 'अन्न-असह्यता तपासणी' म्हणून विकली जाणारी आयजीजी चाचणी. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता याची शरीराने ठेवलेली नोंद. ज्वारी रोज खाणाऱ्याला ज्वारीविरुद्ध आयजीजी मिळायचंच. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच या तपासणीवर विसंबू नये असं सांगितलं आहे.

आणि कधी कधी उलटही घडतं. अर्काची चाचणी गप्प राहते आणि घटक बोलतो. पोळी खाऊन कुणी बसून राहिलं तर काही होत नाही, पण पोळी खाऊन तासाभरात धावायला गेलं की अंगभर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी माणूस बेशुद्ध पडतो. गहू आणि व्यायाम एकत्र आले तरच होणारी ही प्रतिक्रिया. तिच्यामागे बहुतेकदा ओमेगा-५ ग्लायाडिन हे गव्हातलं प्रथिन असतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गव्हाच्या नेहमीच्या अर्कात फार कमी उतरतं आणि चाचणी 'नकारार्थी' येऊ शकते. म्हणून मैदानावर कोसळलेल्या तरुणाचं हृदय ठीक निघालं, तर डॉक्टरांनी एक प्रश्न जरूर विचारावा: धावण्याआधी काय खाल्लं होतं? उत्तर पोळी असं आलं, तर या एका प्रथिनाची तपासणी मागवावी. तोवर त्याला सांगावं, की गहू खाल्ल्यावर चार-सहा तास पळायचं नाही, आणि मैदानावर एकट्याने जायचं नाही.