चालत्या मेंदूची लय

ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडून कोपरीतील घराकडे जाणाऱ्याला वाटेचा विचार करावा लागत नाही. पावले आपोआप वळतात. निवासी शाळेत येणाऱ्या बालकाला मात्र वसतिगृह, भोजनगृह आणि वर्ग यांच्या वाटा नव्याने शिकाव्या लागतात. ही वाट मेंदूत कशी साठते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंस, हिप्पोकॅम्पस नावाचा वळणदार भाग असतो. १९७१ साली लंडन येथे जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याला उंदराच्या या भागात विशिष्ट जागीच विद्युत्स्पंद देणाऱ्या पेशी आढळल्या. २००५ साली नॉर्वेतील मे-ब्रिट व एडव्हर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात जागेचे जणू षट्कोनी जाळे आखणाऱ्या पेशी दाखवल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशी एका तालावर काम करतात. उंदीर चालू लागला की हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला सुमारे आठ विद्युतलहरी उठतात. तो स्वस्थ बसला की त्या बहुतांशी ओसरतात. हीच थीटा लय. लेझीम पथकात हलगीच्या ठेक्यावर प्रत्येकाचा हात ठरल्या क्षणी वळतो, तसा एकाच लहरीत मागे पडलेल्या, आताच्या व पुढे येणाऱ्या जागेच्या पेशींचा क्रम लागतो. एका सेकंदाच्या आठव्या हिश्शात वाटेचा छोटा तुकडा मेंदू असा वाचतो.

उंदराला छोट्या गाडीत बसवून त्याच वाटेने नेले, तेव्हा ही लय क्षीण झाली. माणसात ती अधिक संथ असते व तुटक तुटक उमटते. तथापि चालताना ती वाढते, असे मेंदूत विद्युत्अग्रे बसवलेल्या रुग्णांत दिसले आहे.

यावरून आम्हांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नव्या मुलाला परिसर नकाशावर दाखवून थांबू नये. हात धरून, मग एकट्याने, चालू द्यावे. दुसरी गोष्ट ज्येष्ठांची. अल्झायमर रोगाचा आघात बहुधा याच भागांवर आधी होतो. म्हणून घरातील आजी-आजोबा नित्याच्या वाटेवर चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्यांना वेळीच डॉक्टरांकडे न्यावे.