नजरेचा हिशेब

अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रिनिचच्या वेधशाळेत ताऱ्याची वेळ नोंदवायची म्हणजे डोळा आणि कान एकदम कामाला लावावे लागत. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले असत. निरीक्षक आधी लंबकाच्या घड्याळातला सेकंद पाहून घेई, मग डोळा दुर्बिणीला लावून ठोके मनातल्या मनात मोजत राही. तारा सरकत धाग्याकडे येई. एका ठोक्याला तो धाग्याच्या अलीकडे किती होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेला, ही दोन्ही अंतरे ध्यानात ठेवून धागा ओलांडल्याचा क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत ठरवायचा. पद्धत उत्तम मानली जात होती. पण १७९५ च्या ऑगस्टपासून वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन यांचा मदतनीस डेव्हिड किनब्रुक त्यांच्यापेक्षा अर्धा सेकंद उशिराची वेळ लिहू लागला, असे त्यांना आढळले. जानेवारी १७९६ पर्यंत हा फरक ०.८ सेकंदावर गेला. पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबात एवढ्या वेळाचे विषुववृत्तावर सुमारे ३७० मीटर होतात. ज्या नोंदींवर नकाशे आणि जहाजांचे मार्ग अवलंबून, त्यांत ही चूक चालणार नव्हती. मॅस्कलिननी किनब्रुकला कामावरून काढले. बाकी कामात माणूस कष्टाळू आणि उपयोगी होता, त्याला सोडताना जड गेले, असेही त्यांनी लिहून ठेवले. आपल्या स्वतःच्या वेळेत काही कसर असेल का, हा प्रश्न मात्र त्या नोंदीत कुठेच नाही.

तो प्रश्न वीसएक वर्षांनी प्रशियातल्या क्योनिग्जबर्गच्या वेधशाळेचे प्रमुख फ्रीड्रिख बेसेल यांना पडला. ग्रिनिचची हकिकत त्यांच्या वाचनात आली, आणि इतका मेहनती माणूस महिनोन्महिने तीच चूक का करत राहील, हे त्यांना पटेना. कदाचित ती निष्काळजीपणाची चूक नसावीच. प्रत्येक निरीक्षकाचा डोळा आणि कान यांची सांगड आपापल्या परीने बसत असावी. १८२० च्या सुमारास त्यांनी वालबेक या खगोलज्ञाबरोबर तेच तारे पाहिले, तेव्हा बेसेल यांची वेळ त्याच्यापेक्षा एका सेकंदाहूनही थोडी आधी निघाली. १८२३ मध्ये आपला शिष्य आर्गेलांडर याच्याशी तुलना केली, तर फरक १.२२ सेकंदांचा. ज्या फरकापायी किनब्रुकची नोकरी गेली त्याच्या दीडपट. युरोपातल्या नामवंत वेधकर्त्यांपैकी एकाने आपली ही तफावत आकड्यांनिशी प्रसिद्ध केली, आणि पुढे वेधशाळांतून प्रत्येक निरीक्षकाचे असे ‘वैयक्तिक समीकरण’ काढण्याची रीत पडली. मला बेसेल यांची ही कृती त्यांच्या गणितातल्या कामगिरीइतकीच मोलाची वाटते. माणसाचा दृष्टिकोन सत्याच्या आड येतो असे आपण सहज म्हणतो, आणि मग तो पुसून टाकण्याचे निष्फळ संकल्प करत बसतो. बेसेलना स्वतःचे डोळे-कान बदलता येणार नव्हते. ते किती आणि कोणत्या बाजूला कलतात हे मोजता येणार होते, आणि मोजल्यावर तेवढे वजा करता येणार होते. दृष्टिकोन, सत्य आणि स्वतःत सुधारणा यांचे नाते मला इथे सापडते: स्वतःला दुरुस्त करण्याचे काम आणि सत्याजवळ जाण्याचे काम ही दोन वेगळी कामे उरत नाहीत.

यावर आजचा एक लोकप्रिय आक्षेप असा, की प्रत्येकाचे पाहणे वेगळे असेल तर प्रत्येकाचे सत्यही वेगळेच. मग चूक कोणाची म्हणायची? हा निष्कर्ष उदार वाटतो, पण तो पुराव्यातून निघत नाही. बेसेल आणि आर्गेलांडर यांच्यातला फरक मोजता आला तो दोघांसमोर तारा एकच होता म्हणून. दोघांचे तारे वेगळे असते तर ‘फरक’ या शब्दाला अर्थच राहिला नसता. माझे दिसणे तुझ्याहून वेगळे आहे, असे म्हणतानाच दोघांबाहेरचे काहीतरी आपण गृहीत धरलेले असते. मात्र उलट बाजूची अडचण खरी आहे, आणि ती अधिक अवघड आहे. दोन निरीक्षकांची तुलना फक्त त्यांच्यातले अंतर सांगते, दोघांपैकी बरोबर कोण हे सांगत नाही. दोघांनाही सारखीच सवय असेल तर फरक शून्य येईल, आणि दोघेही निर्धास्तपणे सारखेच चुकत राहतील. खगोलज्ञांनी पुढे यावरही उपाय शोधला. यंत्राने चालणारा कृत्रिम ‘तारा’ तयार करून, त्याच्या ठाऊक असलेल्या वेळेशी निरीक्षकाची नोंद पडताळायला त्यांनी सुरुवात केली. समाजात असे यंत्र मिळत नाही. तिथे एकमत हाच पुरावा मानण्याचा मोह पडतो, आणि ते एकमत बहुधा एकाच बाजूला बसलेल्या माणसांचे असते.

महाराष्ट्रात याचा ढळढळीत दाखला १८८२ सालचा आहे. आदल्या वर्षी सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली, पण वृत्तपत्रांतून एकूण स्त्रियांच्याच अनीतीवर टीका सुरू झाली. लिहिणारे पुरुष, वाचणारे बहुतेक पुरुष. त्यांच्यातला फरक जवळजवळ शून्य. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून ही चर्चा मुळातच उलटी केली. जे दुर्गुण स्त्रीजातीला चिकटवले जातात ते पुरुषांत किती आहेत, पुनर्विवाहाची वाट बंद कोणी केली, आणि त्या बंदीची शिक्षा भोगते कोण, असे त्यांनी विचारले. ही केवळ ‘दुसरी बाजू’ नव्हती. विधवेच्या घरातल्या जगण्यातले जे तपशील त्या मांडत होत्या, ते संपादकांच्या खुर्चीवरून दिसतच नव्हते. म्हणजे ताराबाईंचे स्थान हे त्यांच्या म्हणण्यातले वैगुण्य नव्हते. सगळ्यांच्या नोंदींत समान असलेली चूक पकडण्याचे ते साधन होते. जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’ या प्रकाशनातून त्यांची बाजू घेतली. तरीही हे पुस्तक विस्मरणात गेले, आणि अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत फारसे कोणाच्या वाचनात नव्हते. समाजाची नजर कमी पडते ती उणीव दाखवणारे कोणी नसते म्हणून नव्हे. दाखवणाऱ्याला गणतीत धरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असतो. घरात, शाळेत, कचेरीत आजही सुधारण्याचा उपदेश वरून खाली येतो. धाकट्याने थोरल्याची तफावत मोजून दाखवावी, अशी सोय क्वचितच कुठे असते.

आणखी एक आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. सतत स्वतःवर शंका घेत बसले तर निर्णय कसे व्हायचे, ठामपणे काही करायचे तरी कसे? शंका मोघम असेल तर हात खरोखरच बांधले जातात. ‘माझे चुकतही असेल’ हे वाक्य नुसते तोंडाने म्हणण्यात काही अर्थ नसतो, किती आणि कुठे चुकते हे कळेपर्यंत. तेवढे कळले, की त्याच माणसाचा हात पूर्वीपेक्षा निःशंक चालतो. १८३८ मध्ये बेसेल यांनीच हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर जाहीर केले. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचे अंतर विश्वसनीय रीतीने मोजल्याचे हे पहिलेच वृत्त होते. त्यांचा आकडा सुमारे दहा प्रकाशवर्षांचा होता; आजचा सव्वाअकराच्या थोडा पुढे आहे. मोजण्याची पद्धत होती पराशयाची. डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते, तसे पृथ्वी सूर्याच्या या बाजूला आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला असताना जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकतो. ते सरकणे पाहणाऱ्याच्या जागेमुळेच घडते. पण दोन्ही जागा नेमक्या ठाऊक असतील तर त्यातूनच ताऱ्याचे खरे अंतर निघते. कुठल्याच जागेवरून न पाहणारा निरीक्षक कल्पिला, तर त्याला हे अंतर कधीच कळणार नाही.

राहिला प्रश्न रोजच्या जगण्यातल्या सुधारणेचा. इथे चांगल्या हेतूवर आपण फार विसंबतो. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी फाशीच्या शिक्षेच्या बाजूच्या आणि विरोधातल्या विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एक शिक्षेमुळे गुन्हे घटतात असे सांगणारा, दुसरा नेमके उलटे. दोन्ही गटांनी आपल्या मताला सोयीचा अभ्यास भक्कम ठरवला, गैरसोयीच्या अभ्यासात खोट काढली, आणि तोच पुरावा वाचून दोघे आपापल्या टोकाकडे आणखी सरकले. त्यांच्यापैकीच चार्ल्स लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याच प्रयोगात भर घातली. काहींना त्यांनी शक्य तितके निःपक्षपाती राहा, अशी स्पष्ट सूचना दिली. तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या काहींना सांगितले, की याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा लागला असता, तरी तुम्ही त्याला एवढेच चांगले किंवा वाईट म्हटले असते का, हे पायरीपायरीला स्वतःला विचारा. या गटात पक्षपात दिसेनासा झाला. ‘नीट बघ’ असे किनब्रुकला नुसते सांगून त्याची वेळ का सुधारली नसती, याचा उलगडा इथे होतो. संकल्पाला मोजपट्टी नसते, प्रश्नाला असते. शिवाय हे मोजमाप एकदा करून संपत नाही. बेसेल आणि खगोलज्ञ श्ट्रूव यांनी आपल्यातली तफावत वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा तपासली, तेव्हा ती दर खेपेला वेगळी आली. विशीत ओळखलेला स्वतःचा कल पन्नाशीत तोच राहिलेला नसतो. म्हणून सुनेबद्दल मत बनवताना, विरोधी पक्षाच्या घोटाळ्याची बातमी वाचताना, दुसऱ्या जातीच्या मोर्चाची मागणी ऐकताना, प्रत्येक वेळी तोच प्रश्न नव्याने विचारावा लागतो: हेच माझ्या मुलीने, माझ्या पक्षाने, माझ्या जातीने केले असते तर मी काय म्हटले असते? उत्तर ऐकून मत बदलेलच असे नाही. विरोध रास्त असेल तर तो टिकेल. पण त्यात रागाचा वाटा किती आणि पुराव्याचा किती, हे तरी वेगळे काढता येईल.