खिडकींतला उजेड आणि मुखचर्या

आमच्या माजघरांत मातोश्रींचें एकच छायाचित्र आहे. भर दुपारीं गच्चीवर बसवून काढिलेलें. माथ्यावरच्या उन्हानें कपाळ व नाकाचा शेंडा तेवढा उजळला आणि डोळ्यांच्या जागीं दोन काळ्या खाचा राहिल्या. "ऊन भरपूर आहे, चित्र उत्तम येईल," असें छायाचित्रकार म्हणाला होता. मातोश्रींचे डोळे घारे होते, हें आतां नातवंडांस तोंडानें सांगावें लागतें.

म्हणून गेल्या श्रावणांत वडील वहिनींचें छायाचित्र घेण्याचें ठरलें, तेव्हां आम्ही आग्रहानें मध्यें पडलों. पुतण्या मोबाईल सरसावून म्हणाला, "काका, फ्लॅश लावतों." आम्ही म्हणालों, "मुळींच नको." तो प्रकाश कॅमेऱ्याच्याच जागेवरून समोर पडतो, त्यामुळें चेहऱ्यावरील छाया नाहींशी होते, आणि छाया गेली कीं नाक, गाल, हनुवटी सारें सपाट दिसूं लागतें. मुखचर्येस आकार येतो तो उजेडाच्या विपुलतेनें नव्हे. तो कोणत्या बाजूनें येतो, ह्यावर सारें आहे.

हें मर्म कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्या इंग्रज बाईंनीं चांगलें ओळखिलें होतें. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांस कॅमेरा भेट मिळाला. इंग्लंडांतील वाइट बेटावर आपल्या घरचें कोंबड्यांचें कांचेचें खुराडें मोकळें करून त्यांनीं तेथें चित्रशाळा थाटिली. (खुराडें वाखाणण्याचा प्रसंग आमच्यावर यावा, हा योग विरळाच!) सभोंवार कांच असूनहि त्या पडदे लावून उजेड मोजकाच आंत घेत, आणि समोरच्या माणसास कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. १८६७ सालीं ज्योतिर्विद् सर जॉन हर्शेल ह्यांचें चित्र घेतांना बाईंनीं त्यांना केस मुद्दाम धुवावयास लाविले. त्या विस्कटलेल्या शुभ्र केसांवर उजेड खेळतो आणि काळोखांतून तें वृद्ध मुख उगवल्यासारखें दिसतें.

आमच्याकडे खुराडें नाहीं. उत्तरेची खिडकी आहे. तींतून थेट ऊन बहुधा येत नाहीं. (मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र पुण्याकडे मध्यान्हींचा सूर्यच किंचित् उत्तरेस असतो.) ऊन येतच असेल, तर पातळ पांढरा पडदा पुरतो. वहिनींस खिडकीपासून दोन हातांवर, तोंड किंचित् तिच्याकडे करून बसविलें. दिवे सारे मालविले. पिवळा दिवा व आकाशाचा निळसर उजेड एकत्र मिसळले कीं कांति रोगट दिसते. खिडकी जवळ असली म्हणजे उजेड रुंद पृष्ठावरून येतो व छायेच्या कडा मृदु होतात. माणूस दूर सरला कीं त्या कठोर होतात. पलीकडचा गाल फार अंधारला, तेव्हां धाकट्या सुनेनें धुतलेलें पांढरें धोतर त्या बाजूस पसरून धरिलें. तेवढ्यानें त्या डोळ्यांतहि जीव आला.

वहिनी चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हा तर माझ्या आईचा चेहरा!"

त्यांच्या आईचें छायाचित्र कधीं कोणीं काढिलेंच नव्हतें.