वीस पावलांवरचं हरीण

कामरगावच्या शाळकरी पोरांना तीरकमठा दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, यानं हरन पडते का?" पडतं, हजारो वर्षं पडत आलंय. आज मात्र त्याच्यावर बाण रोखणंसुद्धा गुन्हा आहे, हे मी उत्तराच्या दुसऱ्याच वाक्यात सांगतो. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. कायद्याच्या लेखी जनावर मेलं तरच शिकार होते असंही नाही. फास लावणं, आमिष टाकणं, हाकून नेणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच मोडतं. आमच्या कारंजा तालुक्यात हरभऱ्याच्या शेतात उतरलेल्या कळपावर गंमत म्हणून मोटारसायकल घालणाऱ्या जवान पोरांनी हे दोनदा वाचावं.

तरी त्या पोरांना मी धनुष्य खाली ठेवायला सांगत नाही. तीरकमठ्यानं हरीण मारणाऱ्या जुन्या माणसाच्या विद्येतला शेवटचा बाण तेवढा कायद्यानं काढून घेतला. बाकीची विद्या जिथल्या तिथं आहे, आणि माझ्या मते तीच अस्सल होती. ती शिकायला आमच्या भागाइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. भीमबेटकाच्या गुहाचित्रांत धनुर्धारी आहेत. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मृगयेची सविस्तर चर्चा आहे. गोंड, कोरकू, भिल्ल यांच्या घरात धनुष्य कालपरवापर्यंत कोयत्याच्या शेजारी टांगलेलं असायचं. एकलव्य सगळ्यांना ठाऊक आहे. याहून जास्त हवं असेल तर पुस्तकं पुष्कळ आहेत.

आता धनुष्य. नवख्यानं पहिलं धनुष्य स्वतः करावं, या मताचा मी आहे. मेळघाटाकडे मानवेल मिळतो. या बांबूचा बुडखा जवळजवळ भरीव असतो. हिवाळ्यात तोडलेला, सावलीत काही महिने वाळलेला दांडा घ्यावा. हिरवा बांबू वाकतो खरा, पण वाकलेलाच राहतो. लांबी साधारण आपल्या उंचीइतकी. सालीकडची बाजू बाहेर, म्हणजे निशाणाकडे ठेवायची, कारण तिथले तंतू दाट असतात आणि ताण तेच सोसतात. तासायचं ते फक्त आतून, आधी विळ्यानं आणि शेवटी काचेच्या तुकड्यानं. सालीला पातं लागलं की पुढे धनुष्य नेमकं तिथंच फाटतं. अर्धवट तासलेलं धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवं टेकवून दोरी हळूहळू खाली ओढावी आणि चार पावलं मागं जाऊन पाहावं. एक बाजू ताठ आणि दुसरी जास्त वाकलेली दिसली, तर ताठ बाजू आणखी तासायची. या कामात घाई केलेलं धनुष्य मी अजून धड टिकलेलं पाहिलं नाही.

सातपुड्यातले भिल्ल दोरीही बांबूच्या चिपेचीच करतात. आपण नायलॉनची लावली तरी चालेल. ओढ दहा-बारा किलोच्या वर नको. जोर दाखवायला जड धनुष्य घेणाऱ्याचा खांदा महिनाभरात बोलू लागतो आणि हात कायमचा बिघडतो. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नये, कारण बाणानं न्यायचा जोर मग दांड्यातच जिरतो आणि दांडा तडकतो. कडब्याच्या पेंढ्या घट्ट आवळून मातीच्या बांधाला टेकवाव्यात आणि सुरुवातीला पाच पावलांवरून, डोळे मिटून बाण सोडावेत. निशाण नकोच. दोरी दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला लागते का, एवढंच बघायचं.

ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचंय त्याला वाट आहे. बांबूच्या धनुष्याची 'इंडियन राउंड' देशात खेळली जाते. 50 आणि 30 मीटरवरून प्रत्येकी 36 बाण, एकूण 720 गुण. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला जगज्जेते झाले. त्यांची धनुष्यं चाकांची, कंपाउंड जातीची. मला त्यांचा अभिमान आहे, पण माझा जीव मानवेलावर.

आणि त्याहून जास्त हरणावर.

एक हिशेब मी पोरांकडून मातीत काडीनं करून घेतो. बांबूच्या साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 45 मीटर जातो. दोरीचा आवाज जातो 340 मीटर. हरीण 30 मीटरवर असेल तर 'टण्' हा आवाज त्याच्या कानी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पोचतो, बाणाला मात्र सुमारे दोन तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात हरीण काय करतं? उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघून जातो. अमेरिकेत अजूनही परवान्यानं जुन्या पद्धतीच्या धनुष्यानं हरणं मारतात. तिथले जाणते शिकारी नवख्यांना वीस पावलांच्या पुढे बाण सोडू नका म्हणून बजावतात, त्यामागे हेच गणित आहे. शिवाय बाण गोळीसारखा धक्क्यानं पाडत नाही, रक्त सांडवून मारतो. चुकीच्या जागी बसला तर जनावर दिवसचे दिवस कण्हत फिरतं. म्हणून तीरकमठ्याची सगळी विद्या ही जवळ जाण्याची विद्या आहे.

आणि काळवीट जवळ येऊ देत नाही. माळावर आडोसा नसतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कळपातली एखादी मादी कायम मान वर करून उभी असते. तिला संशय आला की ती चारी पाय एकदम उचलून सरळ वर उडते, मग दुसरी, मग तिसरी, आणि अख्खा कळप ताशी 80 किलोमीटरच्या घरात वेग घेतो. त्याच्या डोळ्यांना तांबडा रंग नीट उमगत नाही, निळा मात्र झटकन उमगतो. म्हणून जीन्स घालून माळावर येणाऱ्याला मी घरी पाठवतो. नीळ घातलेला पांढराशुभ्र सदराही नको. मातकट, मळका, धुऊन विटलेला कपडा सगळ्यांत उत्तम.

पण डोळ्यांच्या आधी नाक. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. वारा बघायला आम्ही वऱ्हाडी माणसं नशीबवान आहोत, कारण खिशात कापूस असतो. बोंडातली चिमूटभर रुई सुटी करून चिमटीतून सोडावी. धूळ नुसती दिशा दाखवते. रुई पुढे कुठं वळते, नाल्यापाशी कशी खाली बसते, तेही दाखवते. सकाळी ऊन चढेपर्यंत वारा थंड आणि संथ असतो. दहाच्या पुढे तो फिरू लागला की त्या दिवसाचा नाद सोडावा.

अमेरिकेतल्या ईशीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. 'याही' नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एकटा सापडला. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतलं आणि 1923 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ईशी हरणामागे जाण्याच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, त्या सकाळी तंबाखू ओढत नसे, आंघोळ करून निघे. अंगाचा वास हा पहिला शत्रू, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पोपनं त्याच्या नेमापेक्षा त्याच्या चालण्याचं आणि धीराचं जास्त कौतुक केलंय, आणि ते मला फार पटतं.

तशी चाल आमच्याकडे फासेपारध्यांची. त्यांचं हत्यार धनुष्य नव्हे, फास. पण जवळ जाण्यात त्यांचा हात धरणारा वऱ्हाडात कुणी नाही. शिकवलेली गाय पुढे घालून, तिच्या आडून ते पाखरांच्या आणि हरणांच्या थेट जवळ सरकत. एका म्हाताऱ्या पारध्याशेजारी बांधावर बसून मी हे ऐकलंय. "गाय चरते तसंच चालाव लागते," तो म्हणाला, "सरळ चाललं का हरन पयते." दोन पावलं, थांबा, तिरकं एक पाऊल, पुन्हा थांबा, आणि जनावराकडे टक लावून बघू नका. त्याच्यावर रोखलेली नजर त्याला कळते. मी तसंच चालून पाहिलंय, गाईशिवाय, आणि ज्या काळविटानं एरवी दीडशे पावलांवरूनच पळ काढला असता, ते मान खाली घालून चरत राहिलं.

या माणसांना इंग्रज सरकारनं 1871 पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत गोवलं. तो शिक्का 1952 साली कागदावर पुसला गेला, गावागावांतून अजून पुरता गेलेला नाही. कारंज्याच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांची 'संवेदना' संस्था याच फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि त्यावरचा दुर्मीळ तणमोर राखण्याचं काम करते. माळ वाचवायचा तर माळ वाचता येणारा माणूस आधी हवा, आणि तो इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे.

थोडं आडवळण घेतो. आपल्या कथांत हरणावर सोडलेला बाण सहसा सुखाचा नसतो. पंडूनं हरीण म्हणून ऋषीला मारलं आणि शाप ओढवून घेतला. जरा व्याधानं श्रीकृष्णाचं पाऊल हरीण समजून विंधलं. कालिदासाचा दुष्यंत रथातून काळविटामागेच धावतो आणि तपस्वी त्याला अडवतात. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'त बेलाच्या झाडावरचा व्याध बाण लावून बसतो, पिल्लांना भेटून परत येते म्हणणाऱ्या हरिणीला सोडतो, आणि ती खरंच परत येते. आभाळातही तेच. दिवाळीच्या रात्री नऊ-दहाच्या पुढे पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं. चार ताऱ्यांचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागोमाग लखलखणारा व्याध. जूनमध्ये त्याच मृगावर आमची पेरणी ठरते. कामरगावच्या पोरांना मी बाण धरायला शिकवतो तेव्हा हेही दाखवतो.

परत माळावर येऊ. कारंजा-सोहोळ अभयारण्य 2000 साली काळविटांसाठी जाहीर झालं, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं. करमाळ्याच्या बाजूला कर्जतजवळचं रेहेकुरी त्याहून वीस वर्षांनी जुनं, पण कितीतरी लहान. सोहोळच्या गवतात नर ओळखायला सोपा. पाठ काळी, पोट पांढरं, पिळाची शिंगं. सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात. हद्द धरून बसलेला नर एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो आणि डोळ्याखालच्या ग्रंथीचा वास गवताच्या टोकांना पुसतो. असा लेंड्यांचा ताजा ढीग सापडला की मालक जवळपासच आहे समजावं आणि तिथून मागं सरून बसावं. चालण्यापेक्षा बसण्यानं हरीण जास्त जवळ येतं.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनंच जायचं आणि धनुष्य घरी ठेवायचं. शस्त्र घेऊन आत जायला कायद्यानं बंदी आहे, आणि खेळण्यातलं आहे ही सबब चालत नाही. गवतात एकटं पिल्लू निपचित पडलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आई लांबून बघत असते. उचलू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये, आल्या पावली निघावं.

नवख्यानं हरीण बघण्याची सुरुवात दिवाळीनंतर करावी. सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा वीतभर आलेला असतो आणि कळप शेताच्या कडेला उतरतात. आधी शेतमालकाला विचारावं. रात्रभर जागल करून कंटाळलेला तो माणूस, कळप कोणत्या बांधावरून येतो हे बोट दाखवून सांगतो. उजाडायच्या अर्धा तास आधी तिथं पोचावं, रुई सोडून वारा बघावा, तुरीच्या ओळीच्या सावलीत बसावं. सोबत पाणी, विटकं फडकं आणि रुई. मोबाइल बंद.